घडलं काय, जोडलं काय

स्वतःला ओळखणं हे माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत कठीण आणि सर्वांत पवित्र काम आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माईकवरून. हॉल लहान, आम्ही पंधरा-वीस माणसं, आणि ज्यांनी ते उच्चारलं ते सर हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ बसलेले. तरी माईक होता. वाक्य संपलं तशी त्यातून शिट्टी निघाली आणि सर डोळे मिटून ती थांबायची वाट पाहत राहिले. त्यांचा चेहरा असा होता की शिट्टीही अभ्यासक्रमात असावी.

हा हॉल शाहूपुरीत, एका गुळाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली गुळाच्या ढेपा, वर आम्ही आणि आमच्या सतरंजीवर मुंग्या. ध्यानाला बसलं की पायावर मुंगी चढायची. सर सांगायचे, मुंगीकडे साक्षीभावाने पाहा. माझ्या शेजारी बसणारे टेंपोमालक म्हणायचे, "बघतोय की सर, पण ती माझ्याकडं तसं बघत न्हाय."

हे नव्वदच्या दशकाचं शेवट-शेवट. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली आणि बायकोने या योगवर्गाचा पत्ता दिला. गोळी मी मुकाट्याने सुरू केली. वर्गाबद्दल मात्र बरेच दिवस वाद झाला, कारण पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळू आवाजात बोलू लागली की मला आपला खिसा चाचपून बघावासा वाटतो.

बायकोचं म्हणणं असं की माझा आजार रक्तातला नसून डोक्यातला आहे. ते खोटं नव्हतं. प्राचार्य व्हरांड्यातून न हसता गेले की संध्याकाळपर्यंत मी माझी बदली झालेली पाहायचो. शिपायाने चहा आधी दुसऱ्या टेबलावर ठेवला तर त्यामागे काहीतरी शिजतंय हे मला स्पष्ट दिसायचं. समोरचा दोन वाक्यं बोलला की तिसरं मी त्याच्या तोंडी घालायचो, आणि राग यायचा तो नेमका त्या तिसऱ्याचा.

"तुम्हाला कुणी शिवी द्यायची गरजच न्हाई," बायको म्हणायची. "तुम्ही घरी येऊन स्वतःच घेता."

ती हुपरीची. तिच्या माहेरी पैंजणांचं काम. एकाच खोलीत घरची सगळी माणसं दिवसभर चांदीच्या कड्या जोडत बसायची आणि एकमेकांना तोंडावर बोलायची. मनात ठेवायला त्या खोलीत जागाच नव्हती. त्यामुळे मनात ठेवण्याचा विकार तिला लग्नानंतरच बघायला मिळाला.

दर गुरुवारी आसनं संपली की स्वाध्याय असे. योगातल्या पाच नियमांपैकी हा चौथा. त्याचा एक अर्थ ग्रंथ वाचणं आणि दुसरा अर्थ स्वतःला वाचणं. पहिला माझा पोटापाण्याचा धंदा होता, म्हणून मी दुसऱ्याकडे संशयाने पाहत होतो. सरांची पद्धत मात्र साधी होती. त्रास देणारा विचार धरायचा आणि त्याला दोनच प्रश्न विचारायचे: घडलं काय, आणि मी जोडलं काय? जे घडलं ते एका बाजूला ठेवायचं. जे जोडलं ते ओळखायचं आणि सोडून द्यायचं. यासाठी सरांनी वापरलेली भाषा सोडली तर पद्धतीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी ती शोधून पाहिली होती.

अडचण माणसांची होती. कोल्हापूरच्या माणसाला स्वतःचा अभ्यास करायला सांगितला की तो शेजाऱ्याचा करतो. पहिल्याच गुरुवारी सरांनी विचारलं, "आपल्या मनाचं निरीक्षण आज कोण मांडेल?"  मग टेंपोमालकांनी हात वर केला आणि पलीकडच्या साडीच्या दुकानदारांकडे बोट दाखवलं.

"मी ह्यांचं मांडतो. गिऱ्हाईक साडी न घेता उठलं की ह्यांला वाटतंय समोरच्या दुकानदारानं करणी केली. गिऱ्हाइकाला रंग आवडला न्हाई, हे ह्यांच्या डोक्यात येतच न्हाई."

"आणि तुमचं ओ?" दुकानदार म्हणाले. "मागनं कुणी हॉर्न वाजवला की तुम्हाला वाटतंय बापावरनं बोलला. खाली उतरून भांडता. गेल्या महिन्यात ॲम्ब्युलन्सवाल्याशी भांडला."

"स्वतःचं, साधकहो, स्वतःचं," सर माईकवरून म्हणाले.

"स्वतःचं कसं दिसंल सर?" टेंपोमालक म्हणाले. "ते पाठीमागं असतंय."

या मंडळींत मी पटकन पुढे गेलो यात नवल नाही. मला दोन बाजू करता येत होत्या. एका बाजूला घडलेली एक ओळ असायची आणि दुसऱ्या बाजूला जोडलेली अख्खी कादंबरी. शब्द आहे पण त्यामागे वस्तू नाही, अशा मनाच्या खेळाला शास्त्रात विकल्प म्हणतात हेही मी वाचून काढलं. प्राचार्य न हसता गेले की आता मी म्हणायचो, घडलं एवढंच की ते गेले. रक्तदाब उतरला. सर मला "आपले अभ्यासू साधक" म्हणू लागले. मला ते आवडत होतं, आणि आवडतंय हेही मी साक्षीभावाने पाहत होतो.

अशात मलकापूरहून दादाच्या घरभरणीचं कार्ड आलं.

दादा माझा थोरला भाऊ. गावी राहून त्याने शेत आणि म्हशी सांभाळल्या आणि मला शिकायला कोल्हापूरला ठेवलं. जुनं घर पाडून त्याने स्लॅबचं घर बांधायला काढलं होतं आणि ते त्या उन्हाळ्यात पुरं झालं. आम्हा दोघांत वाटणीचा वगैरे काही तंटा नव्हता. त्याला आईवडिलांच्या माघारी माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मला त्याच्याशिवाय. एवढीच काय ती इस्टेट.

दादा अधूनमधून मलकापूर गाडीच्या कंडक्टरकडे पोतं द्यायचा आणि मी स्टँडवर जाऊन ते उतरवून घ्यायचो. तांदूळ, कैऱ्या, कधी फणस. कार्ड त्या पोत्यात निघालं, तांदळात खुपसलेलं. आणि त्याच आठवड्यात मला कळलं की आमच्या पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या एका लांबच्या पाहुण्यांकडे दादा आणि वहिनी जातीने आले होते, कुंकू-अक्षता देऊन, चहा घेऊन गेले होते. आमच्या घरी आले नव्हते.

कार्डावर पूजा आणि दुपारचं गोडं जेवण छापलं होतं. आमच्याकडे अशा कार्यात दुसऱ्या दिवशी बकरं पडतं आणि घरच्या, अगदी जवळच्या माणसांचं खारं जेवण होतं. ते कधी छापत नाहीत. त्याबद्दल मला कुणी तोंडीही काही सांगितलं नव्हतं.

जुना मी असतो तर त्याच संध्याकाळी दादाला फोन लावून विचारलं असतं की मी मेलोय काय. तो ओरडला असता, मी ओरडलो असतो, आणि चहाचं आधण उकळेपर्यंत सगळं मिटलं असतं. पण आता मी अभ्यासू साधक होतो. मी डोळे मिटून बसलो. घडलं काय? कार्ड पोत्यातून आलं. दुसऱ्या दिवसाचं सांगणं आलं नाही. जोडलं काय? बाकी सगळं. ते बाकी सगळं मी सोडून दिलं. बायको म्हणाली, "आदल्या दिवशी जाऊया की, मांडव घालायला माणसं लागतील." मी म्हणालो, तसं कुणी कळवलेलं नाही. तिने पिशवी भरायला घेतली. पिशवीत तिने दोन दिवसांचे कपडे घातले, हे मी पाहिलं पण त्याला काही जोडलं नाही.

कार्याच्या दिवशी आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. दादा घामाघूम होऊन मांडवात फिरत होता आणि आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांवर ओरडत होता. मला पाहून म्हणाला, "आलास व्हय." बायको सरळ चुलीकडे गेली आणि पातेली ओढू लागली. मी खुर्चीवर बसलो. लांबचे पाहुणे भेटले, त्यांच्याशी हवापाण्याचं बोललो. मनात एकही कडवट विचार नव्हता. इतकं स्वच्छ मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दादा दोन-तीनदा जवळून गेला. एकदा थांबला.

"गप का रं?"

"काही नाही."

"तब्येत बरी हाय न्हवं?"

"उत्तम आहे."

तो मान हलवून गेला. आमच्या भागात माणूस गप बसला की त्याचे दोनच अर्थ असतात. एक तर तो आजारी आहे, नाहीतर रागावला आहे. शांत आहे हा तिसरा अर्थ तिकडे अजून पोहोचलेला नव्हता. आणि मी तब्येत उत्तम असल्याचं सांगून बसलो होतो.

जेवणं झाली. मी वाट पाहत होतो की दादा एक शब्द बोलेल, थांब. तो बोलला नाही. घडलं ते हे. संध्याकाळच्या गाडीसाठी मी उठलो. बायको हात पुसत बाहेर आली.

"कुठं निघाला? उद्याचं?"

"उद्याचं आपल्याला कुणी सांगितलंय?"

"सांगायला पाहिजे?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही जावा. मी राहते. मला कुणी जा म्हणलेलं न्हाई."

दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मी येतो म्हणालो. त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"जातोयस?"

"हो. गाडी आहे."

"जा की," तो म्हणाला.

गाडीत मी खिडकीशी बसलो. आपण काहीही जोडलं नाही याचं मला फार समाधान वाटलं. कोल्हापूर येईपर्यंत टिकलं ते.

बायको दोन दिवसांनी डबा घेऊन परत आली. डब्यात सुकं मटण होतं, ते वहिनीने दादाच्या नकळत दिलेलं.

"बकरं तुमच्यासाठी म्हणून पाळलेलं होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी याल म्हणून माडीवर गादी घातलेली. खाऱ्याला दादांनी तुमचं ताट वाढून ठेवलं, मग चिडून ते स्वतःच खाल्लं. म्हणाले, पावण्यासारखा आला, पावण्यासारखा जेवला आन पावण्यासारखा गेला."

"आणि पुढं?"

"पुढचं तुम्हीच घाला त्यांच्या तोंडी," ती म्हणाली आणि डबा धुवायला घेतला.

त्या गुरुवारी मी हे सगळं वर्गात मांडलं. मला वाटलं होतं सर म्हणतील, कुठेतरी चुकलं. पद्धत चुकली म्हणाले असते तरी चाललं असतं, मी चुकलो म्हणाले असते तरी चाललं असतं. सर माईक जवळ घेऊन म्हणाले की हे अलिप्ततेचं उत्तम उदाहरण आहे. साधक बदलला की जवळची माणसं दुखावतात, त्याकडे साक्षीभावाने पाहावं. आणि लगेच येणाऱ्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात या विषयावर मी बोलावं.

मी बोललो. याची मला अजून चीड येते. शाल आणि नारळ देऊन मला मंचावर बसवलं होतं, मागच्या कापडी फलकावर मनोविजय असा शब्द होता, आणि मी माझ्या सख्ख्या भावाच्या घरून खाऱ्या जेवणाआधीच उठून आल्याची हकीकत विजय म्हणून सांगत होतो. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर टेंपोमालकांनी माझ्या हातातला नारळ वाजवून पाहिला.

"म्हंजे साहेब, भावाशी बोलणं बंद हाय, त्याचा सत्कार?"

"तसं नाही हो."

"मग माझाही करायला सांगा. माझं तिघांशी बंद हाय."

बोलणं खरोखरच बंद होतं. मी दादाला फोन लावायला सुरुवात केली होती. रिंग जायची, जात राहायची, कुणी उचलायचं नाही. सकाळी लावला, दुपारी लावला, रविवारी लावला. सगळा पावसाळा हेच. इथे माझा स्वाध्याय साफ कोसळला. घडलं काय? फोन उचलला नाही. जोडलं काय? माझा आहे हे ओळखूनच उचलला नाही. फोन कुणाचा आहे हे त्या काळी उचलल्याशिवाय कळत नसे. ते मला माहीत होतं, तरी दादाला कळतंय याबद्दल मला शंका नव्हती. कंडक्टरकडची पोतीही थांबली. पावसाळ्यात ती कधीच येत नसत, पण हे तेव्हा आठवलं नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा, फोन कानाला धरून रिंग ऐकताना समजली. काही जोडू नका हा नियम प्राचार्यांसाठी आणि शिपायासाठी ठीक होता. परक्या माणसाने जे सांगितलं तेवढंच धरावं. पण दादा जे बोलत नव्हता, ते सगळं मी जोडून घेईन या भरवशावरच बोलत नव्हता. नेमकं तिथे मी हात आखडता घेतला. आणि दुसरं असं की माझी ती समता आणि साधा रुसवा यांत बाहेरून काही फरक दिसत नव्हता. आतून किती होता हेही मला नीट सांगता येईना. सरांना विचारलं तर ते म्हणाले, हा प्रश्न पडला हीच प्रगती आहे. प्रगती होते आहे म्हणून इतका वैतागलेला माणूस त्या हॉलमध्ये दुसरा नसेल.

गणपतीच्या आधी एका सकाळी मी सतरंजीवर डोळे मिटून बसलो असताना बायको म्हणाली, "आणि किती बसणार? बसायचंच तर गाडीत जाऊन बसा."

मी गेलो. गाडीत दोन-तीन वाक्यं तयार केली. दादा गोठ्यात म्हशीचं शेण ओढत होता. मला पाहून त्याने फावडं टेकवलं.

"कुणाकडं आलायसा पावणं?"

"दादा, मला तुझ्याशी काही मोकळेपणाने बोलायचं आहे."

"रेडिओसारखं बोलू नगंस. म्हस बुजंल."

माझी तयार वाक्यं तिथेच संपली. मग मी ओरडलो. त्या लांबच्या पाहुण्यांना घरी जाऊन अक्षता दिल्यास आणि सख्ख्या भावाला तांदळाच्या पोत्यातून कार्ड पाठवलंस, असं म्हणालो. दादाचा चेहरा एकदम उजळल्यासारखा झाला आणि तोही ओरडू लागला.

"आता घरच्या माणसाला अक्षता द्यायच्या? मग म्हशीला पण देतो की. परक्याला बलवाय जायाचं असतंय. तू परका हाईस? मांडव घालायला कोण येणार हुतं, माझा बा?"

"थांब म्हणाला का नाहीस?"

"भावाला थांब म्हणायचं?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी काहीतरी अश्लील सुचवलं असावं. "खुर्चीवर बसून घड्याळ बघत हुतास. तोंड असं, जणू मयताला आलाय. मी इचारलं तर म्हणतोय, उत्तम हाय. उत्तम कोण म्हणतंय रं घरात?"

शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आवाज नेहमीचे आहेत असं पाहून परत गेले. वहिनी चहा घेऊन आली आणि आम्ही ओरडता ओरडता तो प्यायलो.

"किती दिवस राग धरलास?" मी विचारलं.

उत्तर वहिनीने दिलं. "कसला राग भावजी. तिसऱ्या दिवशी मांडव सोडताना ह्यांच्या पायात खिळा घुसला, तवापासनं खिळ्यावरच राग हुता. तुमचं इसरूनच गेलं."

म्हणजे मी त्या मंचावर मनोविजयाबद्दल बोललो तेव्हा दादाचा राग कधीच उतरून गेला होता. तो घालवायला त्याला दोन दिवस आणि एक खिळा पुरला होता. मला पुन्हा चीड आली, या वेळी कुणाची ते सांगता येईना.

"मग पावसाळाभर फोन का उचलला नाहीस?"

"वाजला तर उचलीन की."

"वाजतोय. मी रोज ऐकतोय."

"तुला वाजतोय. मला न्हाई वाजत." त्याने कप खाली ठेवला. "चल."

तो मला घरामागे रस्त्याच्या बाजूला घेऊन गेला. आषाढात कोकणाकडे जाणाऱ्या एका ट्रकने टेलिफोनचा खांब ठोकला होता. सगळ्या आळीचे फोन बंद होते. अर्ज दिलेला होता. खांब तुटक्या तारांसकट आमच्या कुंपणावर कलंडून पडला होता, वहिनीने त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता, आणि वेलाला दोडकी लागली होती.